तीन वाजून पाच ते पावणेपाच

कल्पना करा, तुमच्यासमोर टेबलावर एक ट्रे आहे आणि त्यात हजार फ्यूज आहेत. बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या नळ्या, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, आत केसासारखी बारीक तार. हा माल चांगला आहे की नाही, ते तुम्हाला सांगायचंय. तुम्ही एक उचलता, उजेडासमोर धरता. तार दिसते. मीटरच्या दोन सुया टोप्यांना टेकवता. आकडा बरोबर येतो. झालं की मग! नाही झालं. नुसतं टिकून राहणं हे फ्यूजचं काम नाही. वेळ आली की ठरलेल्या मिनिटांत तुटणं, हे त्याचं काम. आणि तो वेळेवर तुटेल की नाही हे कळायला त्याला तोडूनच बघावं लागतं. म्हणून तुम्ही हजारातले वीस काढता, त्यांच्यातून दुपटीहून जास्त करंट सोडता आणि घड्याळाकडे बघत बसता. वीसच्या वीस वेळेवर तुटले की उरलेल्या नऊशे ऐंशींवर शिक्का मारता, पास. ज्यांची पक्की खात्री झाली ते वीस आता कचऱ्याच्या डब्यात आहेत. बाजारात जातात ते सगळे अंदाजाने चांगले.

हे काम ताई एकोणीस वर्षं करत होती.

तपासणीच्या खोलीत पंखा नव्हता. वारा लागला की तार गार होते आणि आकडा खोटा येतो, म्हणून भर उन्हाळ्यातही दारं-खिडक्या बंद. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे चाचणी एकदा सुरू झाली की हात लावायचा नाही. काच तडको, धूर येवो, साहेब येवोत. घड्याळ थांबेपर्यंत नुसतं बघायचं. नव्या मुलींना हे जमायचं नाही. त्यांचे हात शिवशिवायचे. ताईचा हात एकोणीस वर्षांत एकदाही पुढे गेला नव्हता.

कारखान्यात तिला सगळे 'मीटर' म्हणायचे. "मीटर आली, गप्पा आवरा." तिला राग यायचा नाही. उलट आत कुठेतरी बरंच वाटायचं.

घरीही तिचं मीटर चालूच असायचं. दूधवाल्याचं दूध ती मापाने पुन्हा मोजायची. दाराची कडी लावली की तीनदा ओढून बघायची. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या मशिनवर होता. तो म्हणायचा, "दिवसभर मी लोकांच्या नजरेतला दोष काढतो आणि घरी येतो तर आमच्याकडे दोषातच नजर." त्याला स्वतःचे विनोद आवडायचे. दोनदा सांगायचा.

पण तिच्या संशयाला एक कारण होतं आणि त्या कारणाची उंची सहा फूट तीन इंच होती. तिचा धाकटा भाऊ. घरात, गल्लीत, कामावर, सगळीकडे त्याला लंब्याच म्हणत.

लंब्या डिप्लोमाला पहिल्या पाचांत आला होता. पुढे डिग्री करायची म्हणून फीचे पैसे जमवायला तो सुट्टीत एका गोदामात माल उतरवायला जाऊ लागला. तिथे एक पेटी उचलताना पाठीत चमक भरली. डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या. पाठ तीन महिन्यांत बरी झाली. गोळ्या सहा वर्षं थांबल्या नाहीत.

दारू असती तर परवडलं असतं, असं ताईला तेव्हा वाटायचं. दारूला वास तरी येतो. माणूस झोकांड्या खातो, चार लोकांना कळतं. गोळीला वास नाही, आवाज नाही. म्हणून ती खुणा शिकली. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात. माणूस चहात साखर घालतच सुटतो. बसल्या बसल्या हाताला खाजवतो. आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं, जरा जास्तच तयार.

त्या सहा वर्षांत घरातून काय काय गेलं त्याची यादी ती कुणाला सांगायची नाही. एक गोष्ट मात्र सांगायची, कारण ती ऐकून लोक हसायचे आणि लोक हसले की तिलाही जरा हसता यायचं. एकदा तिने मिक्सर लावला तर तो चालेना. तिने फ्यूज बघितला, नीट होता. बटण बघितलं, नीट होतं. शेवटी मिक्सर उचलला आणि तो पिसासारखा हलका लागला. लंब्याने आतली मोटार काढून विकली होती आणि सांगाडा स्क्रू घट्ट पिळून जागच्या जागी ठेवला होता. वर पुसूनही ठेवला होता.

"काम स्वच्छ होतं हो त्याचं," ती म्हणायची.

मग आठ महिने तो व्यसनमुक्ती केंद्रात राहिला. परत आला त्या दिवशी दारातच वाकून उभा राहिला. चौकट डोक्याला लागायची म्हणून तो सगळ्याच दारांत वाकायचा. म्हणाला, "ताई, आत येण्याआधी एक ठरवून घेऊ. मला काम लागलं की पगार तुझ्या खात्यात येईल. माझ्या हातात बसभाड्यापुरते द्यायचे. जास्त मागितले तर कारण विचारायचं. आणि कारण पटलं तरी द्यायचे नाहीत."

"पटलं तरी?"

"पटलं तर मुळीच नाहीत. पटणारी कारणं सांगण्यात माझा हात कुणी धरणार नाही. तुला माहीत आहे."

ती हो म्हणाली. त्याला आत घेतलं, वाढलं. पण मनात पाल चुकचुकलीच. एवढा शहाणपणा एकदम कुठून आला? की हाही एक सांगाडा, वरून पुसलेला?

त्याला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत काम लागलं. इमारतींच्या गच्चीवरच्या खोल्यांत जाऊन दोर बघायचे, ब्रेक बघायचे, ग्रीस भरायचं. उंची तिथे कामी आली. सव्वा वर्ष नीट गेलं. मग एके दिवशी तो एक फॉर्म घेऊन आला. संध्याकाळचं कॉलेज, इलेक्ट्रिकलची डिग्री, तीन वर्षं.

ताई फॉर्मकडे बघत राहिली. बारावीनंतर तिलाही असाच एक फॉर्म भरायचा होता. तेव्हा घरात एकाच्याच फीचे पैसे निघणार होते आणि शाळेतल्या लंब्याचं डोकं चांगलं होतं. ती फ्यूजच्या कारखान्यात लागली. ते तिने मनाला लावून घेतलं नव्हतं. निदान ती तसं म्हणायची.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'शिक्षणात खंड पडला असल्यास कारण'. लंब्याने तिथे लिहिलं होतं, 'गोळ्यांचं व्यसन. आठ महिने उपचार घेतले. आता बंद आहे.' फीच्या खिडकीत चष्मा गळ्यात अडकवलेल्या एक बाई बसायच्या. त्यांनी ते वाचलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"अहो, घरगुती अडचण लिहायचं."

"घरगुतीच होती," लंब्या म्हणाला. "घरच्यांना विचारा."

ताईला हसावं की रडावं कळेना. बाई मात्र हसल्या आणि त्यांनी फॉर्म तसाच पुढे पाठवला.

बँकेने कर्ज दिलं नाही. तिथल्या साहेबाने सहा वर्षांच्या रिकाम्या जागेवर पेन टेकवलं आणि ते उचललंच नाही. शेवटी निम्मे पैसे लंब्याच्या पगारातून बाजूला पडलेले आणि निम्मे ताईने कामगारांच्या पतपेढीतून काढलेले, असं जमलं. कॉलेजने फीत सवलत दिली आणि हप्ते पाडून दिले. अट एकच होती. सवलतीवाल्यांनी हप्ता खिडकीवर रोख भरायचा, शेवटच्या तारखेला पाच वाजेपर्यंत कधीही. एक हप्ता चुकला तर सवलत गेली आणि जागाही गेली.

पहिले तीन हप्ते ताईने अर्ध्या दिवसाची रजा काढून स्वतः भरले. ती खिडकीत नोटा मोजून द्यायची आणि लंब्या दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून, काही फुटेल अशा दुकानात उभं राहावं तसा उभा राहायचा. पावतीसुद्धा तो हातात घ्यायचा नाही.

पहिल्या वर्षी तो वर्गात तिसरा आला. बाहुल्या ठीक होत्या. साखर दीड चमचा. मीटरचे सगळे आकडे बरोबर येत होते आणि नेमकं तेच ताईला खुपू लागलं. आकडा तर सांगाड्याचाही बरोबर येतो.

चौथ्या हप्त्याच्या आधीच्या आठवड्यात तिने त्याला हाताला खाजवताना पाहिलं. एकदा नाही, दोनदा.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मला वाटतं त्याला डास चावला."

"दोनदा?"

"मग डासाला काय रेशन आहे का, एकदाच चाव म्हणून?"

"चेष्टा नको. मंगळवारी तो अर्धा तास उशिरा आला. म्हणाला, लायब्ररीत होतो."

"मग असेल लायब्ररीत."

"असेल. पण उत्तर लगेच दिलं त्याने. मी विचारायच्या आधी."

नवऱ्याने घासत असलेला चष्मा खाली ठेवला. "हे बघ, तू विचारणारच हे या घरातल्या खुर्च्यांनाही माहीत आहे. बिचारा आधीच सांगून मोकळा होतो. तुला त्याच्या डोक्यावर शिक्का मारायचा असेल तर मार एकदाचा, पण असं रोज उजेडासमोर धरू नकोस."

तो हे सहज बोलला. ताईच्या डोक्यात मात्र ते वेगळंच रुजलं. शिक्का मारायचा तर आधी चाचणी घ्यावी लागते.

हप्त्याची शेवटची तारीख आली. सकाळी साडेसातला तिने पाकीट टेबलावर ठेवलं. पैसे मोजून, तोंड स्टेपल करून.

"मला आज रजा मिळत नाही," ती म्हणाली. "तू भर."

लंब्याचा चहाचा कप ओठाशीच थांबला. "मग भाऊजींना सांग."

"त्यांना दुकान आहे."

"काल का नाही भरले?"

"काल जमलं नाही."

"ताई, आपलं ठरलंय. माझ्या हातात नको."

"दोन वर्षं झाली त्याला. मी काय जन्मभर तुझं बोट धरून खिडकीशी येऊ? इंजिनिअर होशील तेव्हा साहेबाला सांगशील का, थांबा, ताईला बोलावतो म्हणून?"

हे शेवटचं तिने बोलायला नको होतं. त्याचा चेहरा उतरला. त्याने पाकीट उचललं, शर्टाच्या आत घातलं आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. दारातून जाताना तो वाकायला विसरला आणि चौकट कपाळावर खाडकन लागली.

ताईच्या लॉकरमध्ये रजेचा कागद होता. दुपारी दोनपासून, सुपरवायझरच्या सहीसकट.

दोन वाजून दहा मिनिटांनी तपासणीच्या खोलीतला फोन वाजला. गेटवरचे काका होते. हे काका येणाऱ्या-जाणाऱ्याची वेळ वहीत मिनिटासकट लिहायचे आणि आपल्या घड्याळापुढे कारखान्याच्या भोंग्यालाही मोजायचे नाहीत.

"मीटरबाई, तुमचे बंधू आलेत. दहा मिनिटं बाहेर या म्हणतात."

म्हणजे अर्धा दिवस सुट्टी घेऊन तो इकडे आला. कॉलेजला गेला नाही. इकडे कशाला? ती खरंच कामावर आहे का ते बघायला? ती इथे अडकलीये याची खात्री करून घेऊन मग कुठे जायचं असेल तर?

"सांगा, कामात आहे."

दोन चाळीसला पुन्हा फोन. "बाई, ते म्हणतात, पाकीट तुमच्याकडे द्यायचंय. माझ्याकडे ठेवा म्हटलं, तर म्हणतात, नको, ताईच्याच हातात. कपाळाला टेंगूळ आलंय त्यांच्या. येऊन जा की."

समोर वीस फ्यूज लावलेले होते. घड्याळ चालू होतं. ताईने फोन कानाशी धरून त्यांच्याकडे पाहिलं. उठून गेटवर जायला तीन मिनिटं लागतात. गेटवरून रिक्षाने कॉलेज दहा मिनिटं. सगळं जमण्यासारखं होतं. पण मधेच हात लावला तर कळणार काय? काहीच नाही. पुन्हा तेच, रोज बाहुल्या बघायच्या, साखर मोजायची.

"त्याला सांगा, दिलेलं काम कर."

तीन वाजून पाच मिनिटांनी तिनेच गेटवर फोन लावला.

"गेले आत्ताच," काका म्हणाले. "बसले होते बाकावर. उठले आणि गेले."

ताईने फोन ठेवला. त्या बॅचमध्ये दोन फ्यूज कधी तुटले ते तिने पाहिलंच नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने वेळेच्या रकान्यात अंदाजाने आकडा भरला.

पाचचा भोंगा झाला. ती गेटबाहेर आली तेव्हा लंब्या बाकावर बसला होता. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, बुटांवर धूळ. मांडीवर पाकीट आणि पाकिटावर दोन्ही हात.

"पावती?" तिने विचारलं.

त्याने पाकीट पुढे केलं.

"भरले नाहीस?"

"नाही."

"का?"

"तुला बोलावलं होतं मी. दोनदा."

स्टेपल जागेवर होती. तरीही तिने ती उचकटली आणि तिथेच, रस्त्यावर, सुटलेल्या पाळीतल्या बायका बघत असताना नोटा मोजल्या. एकदा मोजल्या. पुन्हा मोजल्या. पूर्ण होत्या.

"तिसऱ्यांदा पण मोज," लंब्या म्हणाला. "चिकटून असतात कधीकधी."

तिने तिसऱ्यांदाही मोजल्या. मग मान वर करून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या बारीक होत्या. पण ऊन समोरून थेट त्याच्या तोंडावर येत होतं. उन्हात कुणाच्याही बाहुल्या बारीकच होतात. तिने सावली धरायला हात पुढे केला आणि तो मागे सरकला.

"आता डोळे पण?" तो म्हणाला.

"तीननंतर कुठे होतास?"

"फिरत होतो."



दुसऱ्या दिवशी ताई रजा टाकून त्याच्याबरोबर कॉलेजात गेली. खिडकीतल्या बाईंनी यादीवर बोट फिरवलं. लंब्याच्या नावावर लाल रेघ होती.

"काल पाच वाजता यादी वर गेली," बाई म्हणाल्या. "एक अर्ज देते. उशीर का झाला ते लिहा, पैसे भरणाऱ्याची सही हवी. खरं लिहा. प्राचार्य स्वतः वाचतात. चार दिवसांत बोर्डावर लागेल."

"मी लिहितो," लंब्या म्हणाला. "विसरलो म्हणून लिहितो. ताई, तू फक्त सही कर."

एवढ्या चटकन दोष अंगावर का घेतोय हा? ताईच्या मनात आलंच. काय झाकायचंय? आणि तो विचार आला तशी तिची तिलाच लाज वाटली. भावाची जागा तिच्यामुळे गेली होती आणि ती अजून त्याला उजेडासमोर धरूनच उभी होती. तिने पेन काढून घेतलं.

तिने लिहिलं, 'हप्ता माझ्यामुळे चुकला. पैसे माझ्या हातात देऊ नकोस, असं भावाने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. तो ते उडवतो का, हे बघायला मी मुद्दाम त्याच्या हातात दिले. मला दुपारची रजा मंजूर होती, पण मी घेतली नाही. तो मला बोलवायला कारखान्याच्या गेटवर आला होता. दोनदा निरोप आला. मी गेले नाही. पैसे पूर्ण आहेत.' खाली सही केली. पदनामाच्या जागी सवयीने 'तपासनीस' लिहिलं.

लंब्या तिच्या डोक्यावरून वाचत होता. उंचीमुळे त्याला वाकावंही लागलं नाही.

"रजा होती तुला?" त्याने हळू विचारलं.

"होती."

"म्हणजे काल मी विसांतला होतो."

तिने पेनाचं टोपण लावलं.

"आणि भरून आलो असतो तर? एकदा भरले म्हणून पास? की पुढच्या हप्त्याला पुन्हा?"

"मला माहीत नाही रे," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला. चष्मा गळ्यात सोडून दिला. "अहो बाई, एवढं सगळं कशाला? तब्येत बरी नव्हती, एवढं चाललं असतं."

"तुम्हीच म्हणालात, खरं लिहा."

"ते मी सगळ्यांनाच म्हणते."

ते चार दिवस लंब्या कामावर गेला, परत आला, जेवला, झोपला. संध्याकाळी वर्ग नव्हता तरी सहा वाजले की तो उठून दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करायचा आणि परत बसायचा. जागा गेली तर तो काय करील? रिकाम्या संध्याकाळी कुठे जाईल? हे तिने आधी का नाही मोजलं? नवऱ्यानेही विनोद बंद केले होते, आणि त्याचं तिला जास्त भय वाटत होतं.

पाचव्या दिवशी बोर्डावर नाव लागलं. दंड भरून जागा कायम. खाली प्राचार्यांच्या अक्षरात एक ओळ होती, 'यापुढे हप्ता पैसे भरणाऱ्या व्यक्तीने स्वतः येऊन भरावा.' ताईने हप्ता भरला, दंड भरला. लंब्या नेहमीसारखा दोन पावलं मागे उभा होता. पण या वेळी पावती मिळाल्यावर त्याने हात पुढे केला, ती घेतली, घडी घातली आणि खिशात ठेवली. त्या संध्याकाळी तो वर्गात गेला.

नवऱ्याने रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं, "चला, एक इंजिनिअर वाचला. आता मीटरचं काय करायचं?" आणि दोनदा हसला.

इथे खरं तर सगळं मिटायला हवं होतं. पैसे पूर्ण होते. जागा राहिली. चूक कुणाची ते कागदावर लिहून झालं होतं. पण ताईने ज्यासाठी हे सारं केलं ते तिला कळलंच नव्हतं. पुढच्या सोमवारी पाळी सुटल्यावर ती गेटवर थांबली.

"काका, त्या दिवशीची वही बघू."

काकांनी पान काढलं. 'मीटरबाईंचे बंधू' तीन वाजून पाच मिनिटांनी बाकावरून उठले, पावणेपाचला परत आले. एक तास चाळीस मिनिटं.

"कुठल्या बाजूला गेला तो? डावीकडे की उजवीकडे?"

"बाई, मी येणं आणि जाणं लिहितो. डाव्या-उजव्याचा रकाना नाही वहीत."

"पण बघितलं असेल ना तुम्ही?"

काका विचारात पडले. "ट्रक आला होता तेव्हा आत घ्यायला. मी ट्रकचा नंबर लिहीत होतो. नंबर सांगू?"

ताई घड्याळ लावून डावीकडे चालायला लागली. तिकडे कॉलेज. लंब्याच्या ढांगा मोठ्या, म्हणून तिने जरा ओढून पावलं टाकली. चाळीस मिनिटं लागली. म्हणजे जाऊन-येऊन ऐंशी. वीस मिनिटं उरतात. तेवढ्यात माणूस खिडकीसमोरच्या रांगेत उभा राहू शकतो. आपला नंबर जवळ येताना बघू शकतो. पाकिटाला हात घालू शकतो, आणि ते बाहेर न काढता मागे फिरू शकतो. तसं असेल तर का फिरला? तिच्या सकाळच्या त्या बोलण्यामुळे? की स्वतःच्या हातांची भीती, भरण्याच्या क्षणीसुद्धा?

दुसऱ्या दिवशी ती उजवीकडे चालली. तिकडे दहा मिनिटांवर बाजार आणि बाजाराच्या तोंडाशी ते औषधांचं दुकान, जिथून तो पूर्वी गोळ्या घ्यायचा. दहा मिनिटं जायला, दहा यायला. उरतात ऐंशी. पाकिटातलं काहीच गेलं नव्हतं, पण ओळखीच्या दुकानात पूर्वी त्याला उधारीवरही मिळायचं. ती दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. आत जाऊन विचारायचं तर काय विचारायचं? आणि विचारलं तर दुकानदाराला नव्याने आठवण करून द्यायची, की हा माणूस अजून याच शहरात आहे. ती तशीच परत फिरली.

त्या दिवशी वर्गाला सुट्टी होती. घरी लंब्या टेबलाशी वही उघडून बसला होता. ट्रान्सफॉर्मरची आकृती काढत होता. तिच्या बुटांवरची धूळ त्याने पाहिली.

"किती मिनिटं लागली?" त्याने मान वर न करता विचारलं.

ती दचकली. "कशाला?"

"डावीकडे आज गेलीस की काल?"

ताई खुर्चीत बसली. "तू सांगून टाक ना मग. मला एकदा सांग, मी पुन्हा विचारणार नाही."

"सांगेन की. आत्ता सांगतो." त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं. दिव्याच्या उजेडात त्याच्या बाहुल्या मोठ्या, काळ्या आणि अगदी नीट दिसत होत्या. "मी म्हणालो डावीकडे, तर तू खिडकीतल्या बाईंना विचारायला जाशील. उजवीकडे म्हणालो तर दुकानात जाशील. कुठेच नाही, नुसता उन्हात फिरलो म्हणालो, तर तू माझे बूट उलटे करून माती बघशील. यातलं काहीही न करता ऐकणार असशील तर सांगतो. बोल."

ताईने तोंड उघडलं. हो म्हणायला एक क्षण पुरला असता. तिने स्वतःला आतून चाचपून पाहिलं, प्रामाणिकपणे, आणि तोंड मिटलं.

"घाई नाही," लंब्या म्हणाला. त्याने पेन्सिल उचलली. "अजून पाच हप्ते आहेत."

तो आकृतीकडे वळला. ताई त्याच्या वाकलेल्या पाठीकडे, त्या एवढ्याशा टेबलाखाली न मावणाऱ्या पायांकडे बघत बसली. बूट दाराजवळ होते. ती उठली नाही. पण गेटसमोरचा तो रस्ता तिच्या डोळ्यांपुढून हलेना. दुपारचं ऊन, आत शिरणारा ट्रक, काकांची खाली वळलेली मान आणि बाकावरून उठलेला उंच माणूस, शर्टाच्या आत पाकीट.

तो कुठल्या बाजूला वळला असेल?